तुमच्या घरातली जुनी वंशावळ आजच्या लॅपटॉपवर उघडते, त्यामागे गॅरी किल्डॉल नावाचा माणूस आहे

प्रत्येक खानदानात एक काका असतातच. लग्नात भेटले की गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि पणजोबांच्या सख्ख्या-चुलत भावांची नावं एका दमात सांगणारे. या मंडळींनी आधी कागदाच्या भेंडोळ्यावर वंशवृक्ष काढले, त्र्यंबकेश्वरला जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळल्या, आणि घरात कॉम्प्युटर आल्यावर तोच सगळा पसारा त्यात भरला.

अमेरिकेत हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चमध्ये पूर्वजांची नोंद ठेवणं हा धर्माचाच भाग मानतात. या चर्चनं १९८४ साली पर्सनल अँसेस्ट्रल फाइल नावाचा वंशावळीचा प्रोग्रॅम काढला. लोक त्याला लाडानं पीएएफ म्हणायचे. डॉसवर चालणारा, फ्लॉपीवर मिळणारा. पुढे त्याची विंडोजची आवृत्तीही आली आणि २०१३ मध्ये चर्चनं तो कायमचा बंद केला.

आता गंमत अशी की कंपनी बंद पडते, प्रोग्रॅम बंद पडतो, पण पणजोबा काही बंद पडत नाहीत. त्यांची माहिती त्या जुन्या फाइलमध्येच असते. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचा प्रोग्रॅम डबल क्लिक केला तर तो सरळ नकार देतो. मोडीतला कागद हातात आहे, पण वाचणारा कुणी नाही, तशी गत.

तरीही ती फाइल उघडते. लिनक्सवर उघडते, मॅकवर उघडते, नव्या विंडोजवरही उघडते. डॉसबॉक्स नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकायचं, त्याला जुना फोल्डर दाखवायचा, की चाळीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम काहीच घडलं नसल्यासारखा सुरू होतो. आपण कुठल्या परक्या मशीनवर चालतोय, याचा त्याला पत्ताच नसतो.

प्रोग्रॅमला मशीनचा पत्ता असू नये, ही कल्पना छोट्या कॉम्प्युटरांच्या जगात ज्यानं रुजवली तो माणूस म्हणजे गॅरी किल्डॉल. आणि ज्यांना हे नाव माहीत आहे, त्यातल्या बहुतेकांना त्याच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते. आयबीएमचे लोक करोडोंचा सौदा घेऊन दारात आले तेव्हा हा पठ्ठ्या म्हणे विमान उडवत होता.

त्या विमानाकडे येऊच. आधी माणूस बघू.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, सिएटलचा. घराणं मूळचं नॉर्वेकडचं, दर्यावर्दी. त्याच्या आजोबांनी सिएटलमध्ये नौकानयन शिकवणारी शाळा काढली होती आणि वडील तीच चालवायचे. जहाजावर काम करणारे लोक तिथे येऊन तारे, कोन आणि कोष्टकं यांच्या मदतीनं भर समुद्रात आपलं ठिकाण कसं काढायचं ते शिकायचे. पोराला अभ्यासापेक्षा गाड्या आणि यंत्रं उघडून बघण्यात जास्त रस. घरच्याच शाळेत त्यानं शिकवायलाही सुरुवात केली आणि पुढे गणिताचा मास्तर व्हायचं ठरवून वॉशिंग्टन विद्यापीठात नाव घातलं. तिथे त्याला कॉम्प्युटर भेटला आणि मास्तरकीचा बेत मागे पडला. १९६३ मध्ये त्यानं डोरोथी मॅकइवेनशी लग्न केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते, सक्तीची सैन्यभरती चालू होती. गॅरीच्या वाट्याला नौदल आलं, पण जहाजावर जाण्याऐवजी त्याला कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी, नौदलाच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवायला पाठवलं. १९७२ मध्ये त्यानं पीएचडी पूर्ण केली. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेताना त्यातली फालतू मेहनत कशी वगळायची, हा त्याचा विषय. त्यावर १९७३ साली त्यानं मांडलेला निबंध आजही कंपायलर शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या ओळखीचा आहे. म्हणजे पुढे काहीच घडलं नसतं तरी त्याचं नाव पाठ्यपुस्तकात राहिलं असतं. विमानवाली गोष्ट सांगणारे लोक हा भाग गाळतात.

१९७१ मध्ये इंटेलनं ४००४ नावाची चिप आणली. बोटाच्या पेराएवढी, पण आख्खा हिशेब करणारी. मोठ्या मोठ्या इंजिनिअरांना ती ट्रॅफिक सिग्नल नाहीतर कॅल्क्युलेटरमध्ये घालायची वस्तू वाटली. गॅरीला तिच्यात कॉम्प्युटर दिसला. वडिलांची जहाजाच्या जागेची आकडेमोड एखाद्या लहानशा यंत्रानं करता येईल का, हेही डोक्यात होतं.

पण चिप असून उपयोग काय? तिला जोडायला पडदा नाही, कीबोर्ड नाही, काहीच नाही. मग त्यानं काय केलं, तर कॉलेजातल्या खोलीभर पसरलेल्या आयबीएमच्या कॉम्प्युटरवर एक असा प्रोग्रॅम लिहिला, जो स्वतःच ४००४ चिप असल्याचं सोंग घ्यायचा. चिपसाठी लिहिलेल्या सूचना या सोंगाड्यापुढे ठेवायच्या आणि खऱ्या चिपनं काय केलं असतं ते बघायचं. नंतर इंटेलच्या ८००८ चिपसाठीही त्यानं असंच सोंग लिहिलं.

याला सिम्युलेटर किंवा एम्युलेटर म्हणतात, आणि डॉसबॉक्स आज तुमच्या लॅपटॉपवर नेमकं हेच करतं. ते चाळीस वर्षांपूर्वीच्या पीसीचं सोंग घेतं. युक्ती गॅरीच्याही आधीची आहे, मोठ्या मशीनवर ती वापरली जायचीच. पण टीचभर चिपसाठी कुणी एवढे कष्ट घेईल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. इंटेलचे लोक खूश झाले, त्याला सल्लागार म्हणून कामावर घेतलं. आठवड्यातला एक दिवस तो तिकडे जायचा. तिथे त्यानं १९७३ मध्ये पीएल/एम नावाची भाषा तयार केली, म्हणजे चिपशी बोलायला तिच्या किचकट आकड्यांच्या भाषेची गरज उरली नाही. मोबदल्यात पैशांबरोबर इंटेलच्या मशीनही मिळाल्या आणि त्या थेट घरी आल्या.

आता एकच अडचण होती. माहिती साठवायची कशावर? तेव्हा छोट्या मशीनवर भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या चालायच्या. हळू, फाटक्या, डोक्याला ताप. त्याच सुमारास फ्लॉपी डिस्क आली होती. गॅरीनं फ्लॉपी ड्राइव्ह बनवणाऱ्या एका कंपनीकडून चाचण्यांमध्ये झिजलेला एक ड्राइव्ह मिळवला. तो मशीनला जोडणारं सर्किट काही त्याला जमेना. तो सॉफ्टवेअरचा माणूस, हातात सोल्डरिंगची डाग आली की गडबड व्हायची. शेवटी एका मित्रानं ते सर्किट बनवून दिलं आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह गावातल्या घराच्या मागच्या अवजारांच्या खोलीत तो ड्राइव्ह हलला. त्या ड्राइव्हवरच्या फायली सांभाळायला गॅरीनं जो प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नाव सीपी/एम.

(आपल्याकडे हे नाव ऐकून लोकांना वेगळाच पक्ष आठवतो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

इंटेलला त्यानं हे देऊ केलं. इंटेलनं पीएल/एम ठेवून घेतलं, सीपी/एममध्ये रस दाखवला नाही. मग गॅरी आणि डोरोथीनं घरातूनच कंपनी काढली. नाव काय, तर इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. आकाशगंगांच्या पलीकडे पोहोचणारी कंपनी, पत्ता बंगल्याचा. पुढे त्यातलं इंटरगॅलॅक्टिक गळालं. ७० डॉलरला सीपी/एमची प्रत टपालानं मिळायला लागली. गॅरी कोड लिहायचा, बाकी धंदा, ग्राहक, करारमदार सगळं डोरोथी बघायची. व्यवहारात ती माहेरचंच नाव लावायची.

खरी मोठी गोष्ट घडली ती १९७६ च्या आसपास.

त्या काळी गल्लोगल्ली नवी कॉम्प्युटर कंपनी निघत होती आणि प्रत्येकीचं मशीन दुसरीपेक्षा वेगळं. कुणाचा ड्राइव्ह वेगळा, कुणाचा टर्मिनल वेगळा. इम्साय नावाच्या कंपनीला आपल्या मशीनवर सीपी/एम हवं होतं. म्हणजे गॅरीनं पुन्हा सगळा प्रोग्रॅम उकलायचा, त्या मशीनप्रमाणे शिवायचा. आज इम्साय, उद्या दुसरी, परवा तिसरी. गॅरी या शिंपीकामाला कंटाळला. त्यानं सीपी/एमचे तुकडे केले. मशीनशी थेट बोलणारा जेवढा भाग होता, तेवढा उचलून एका वेगळ्या कप्प्यात टाकला आणि त्याला बायॉस असं नाव दिलं. आता नवं मशीन आलं की फक्त तो कप्पा नव्यानं लिहायचा. वरचं सगळं तसंच.

बायॉस हा शब्द तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नक्की ऐकला असेल. तो इथून आला.

याचा अर्थ नीट समजून घेऊ, कारण जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालण्याचं सगळं रहस्य इथेच आहे. तहसील कचेरीची कल्पना करा. तुम्हाला सातबारा हवाय. आत कपाट लोखंडी आहे की लाकडी, क्लार्क डावखुरा आहे की उजवा, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. तुम्हाला खिडकीचा नंबर माहीत हवा आणि कुठला अर्ज द्यायचा ते माहीत हवं. सीपी/एममध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी अशी एकच खिडकी होती. मेमरीतला पाच नंबरचा पत्ता. तिथे जायचं आणि कामाचा नंबर सांगायचा. २ म्हणजे एक अक्षर पडद्यावर काढ. ९ म्हणजे आख्खी ओळ काढ. १५ म्हणजे फाइल उघड. आत मशीन कुठल्याही कंपनीचं असो, खिडकी तीच, नंबर तेच.

परिणाम काय झाला? वर्डस्टारसारखा लिखाणाचा प्रोग्रॅम, डीबेससारखा याद्या ठेवणारा प्रोग्रॅम, ज्यांच्यावर पुढे आपल्याकडची कित्येक सरकारी आणि सहकारी कार्यालयं चालली, ते दोन्ही सीपी/एमवर जन्माला आले. वंशावळीचे सुरुवातीचे काही प्रोग्रॅमही सीपी/एमसाठी निघाले. कुठल्या कंपनीचं मशीन आहे हे न विचारता सॉफ्टवेअर विकता येऊ लागलं, त्यामुळे सॉफ्टवेअरची दुकानदारी हा स्वतंत्र धंदा उभा राहिला. १९८१ पर्यंत सीपी/एम सुमारे ३,००० प्रकारच्या मशीनवर चालत होतं आणि घरातून सुरू झालेल्या कंपनीची वर्षाची उलाढाल ५४ लाख डॉलरवर गेली होती. ॲपलच्या मशीनची चिप वेगळी, तिच्यावर सीपी/एम चालत नसे. तर १९८० मध्ये एका कंपनीनं ॲपलमध्ये खोचायचं एक कार्डच काढलं, ज्याच्यावर वेगळी चिप होती. कार्ड खोचा आणि ॲपलवर सीपी/एमचे प्रोग्रॅम चालवा. ते कार्ड धडाधड खपलं. त्या कंपनीचं नाव मायक्रोसॉफ्ट. त्या वर्षी तिची सर्वात जास्त कमाई या कार्डातूनच झाली.

आता विमान.

ऑगस्ट १९८० मध्ये आयबीएमला गुपचूप आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बनवायचा होता. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ते आधी बिल गेट्सकडे गेले. गेट्सकडे तेव्हा ती नव्हती, त्यानंच त्यांना किल्डॉलचा पत्ता दिला. आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्हला आले तेव्हा गॅरी सकाळी स्वतःचं विमान घेऊन ओकलंडकडे एका ग्राहकाला भेटायला गेला होता. हौसेची सैर नव्हती, ठरलेलं काम होतं. आणि करारमदार डोरोथीच बघायची, त्यामुळे तिनं पाहुण्यांना भेटणं हे रोजचंच होतं.

आयबीएमनं बोलणी सुरू होण्याआधीच एक एकतर्फी गुप्ततेचा करार पुढे ठेवला. तुम्ही आम्हाला काहीही सांगा, आम्ही बांधील नाही. आम्ही सांगू ते मात्र तुम्ही गुप्त ठेवायचं. वकिलाच्या सल्ल्यानं डोरोथीनं सही केली नाही. गॅरीच्या सांगण्याप्रमाणे तो दुपारी परतला आणि बोलणी झाली. आयबीएमकडच्या काहींच्या आठवणी वेगळ्या आहेत. एवढं नक्की की पैशांच्या रचनेवर जमलं नाही. आयबीएमला एकरकमी सौदा हवा होता, गॅरीला प्रत्येक प्रतीमागे हिस्सा.

आयबीएम पुन्हा गेट्सकडे गेलं. तिकडे सिएटलमध्ये टिम पॅटरसन नावाच्या तरुणानं आपल्या कंपनीच्या नव्या चिपच्या मशीनसाठी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहून ठेवली होती. सीपी/एमचे जुने प्रोग्रॅम थोड्या खटपटीनं त्यावर आणता यावेत म्हणून त्यानं खिडकीवरचे नंबर सीपी/एमच्या माहितीपुस्तकाप्रमाणेच ठेवले. मायक्रोसॉफ्टनं ती आधी २५,००० डॉलर देऊन वापरायला आणि १९८१ मध्ये आणखी ५०,००० देऊन कायमची घेतली. तीच एमएस-डॉस.

किल्डॉलनं ती बघितली आणि तो हादरला. ९ नंबरला ओळ छापायची, तशीच. १५ नंबरला फाइल उघडायची, तशीच. एवढंच कशाला, सीपी/एममध्ये ओळ कुठे संपते हे सांगायला डॉलरचं चिन्ह लावावं लागायचं. डॉसमध्येही ओळीच्या शेवटी डॉलर. ते चिन्ह का निवडलं याचं कारण फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, ते बिलला विचारून बघा, असं तो नंतर म्हणायचा.

त्यानं आयबीएमला दम भरला. तोडगा असा निघाला की आयबीएम आपल्या पीसीबरोबर सीपी/एमही विकायला ठेवेल आणि किल्डॉल खटला भरणार नाही. तो खूश झाला. सीपी/एम दुकानात आलं कधी, तर पीसी आल्यावर अर्धं वर्ष उलटून गेल्यावर. किंमत काय, तर डॉस ४० डॉलर आणि सीपी/एम २४०. आता सांगा, गिऱ्हाईक काय उचलणार?

पॅटरसनची बाजूही सांगायला हवी. त्यानं सीपी/एमचा कोड चोरला नाही, माहितीपुस्तक समोर ठेवून खिडकी तशीच बांधली, असं त्याचं म्हणणं. २००४ मध्ये एका पुस्तकात त्याच्या कामाला नक्कल म्हटलं तेव्हा तो अब्रुनुकसानीचा दावा घेऊन कोर्टात गेला. २००७ मध्ये दावा फेटाळला गेला. माझं विचाराल तर त्याला चोर ठरवण्यात अर्थ नाही. खिडकीचे नंबर सारखे ठेवण्याची मुभा नसती तर आज डॉसबॉक्सही नसतं आणि लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइनही नसतं. वाइन दुसरं काय करतं? विंडोजच्या खिडकीवर द्यायचे अर्ज लिनक्सच्या आत घेतं आणि तसंच उत्तर देतं. पीएएफची विंडोजची आवृत्ती लिनक्सवर चालवणारे लोक हेच वापरतात. वाईट एवढ्याचंच वाटतं, की खिडकी ज्यानं बांधली त्याच्या नावाची पाटी तिथे कुणी लावली नाही.

त्याच्या खुणा मात्र राहिल्या. विंडोजमध्ये तुमच्या डिस्कला सी का म्हणतात? कारण ए आणि बी ही सीपी/एमच्या काळापासून फ्लॉपी ड्राइव्हची नावं. जुन्या डॉसमध्ये फाइलचं नाव आठच अक्षरांचं आणि पुढे तीन अक्षरांचं शेपूट, हेही तिकडूनच आलं. रोमन लिपीत कुलकर्णी बरोबर आठ अक्षरांत बसतं, देशपांड्यांचं मात्र एक अक्षर उडायचं.

जुनी वंशावळ उघडायला बसलेल्यांना इथेच दोन कामाच्या गोष्टी सांगून ठेवतो. डॉसबॉक्समध्ये प्रोग्रॅम चालला तरी कायमचा मुक्काम तिथे करू नका. वंशावळीच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये माहिती जेडकॉम नावाच्या स्वरूपात बाहेर काढायची सोय असते. हे स्वरूपही त्याच मॉर्मन चर्चनं आखलेलं, आणि आजचे जवळजवळ सगळे वंशावळीचे प्रोग्रॅम ते वाचतात. दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी. कुणी डॉसच्या काळात मराठीत नावं भरली असतील, तर बहुधा पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड वापरलं असेल. देवनागरी पडद्यावर आणायचं काम ते कार्ड करायचं. कार्ड नसलेल्या मशीनवर, मग ते डॉसबॉक्सचं सोंग का असेना, पणजोबांच्या नावाच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतील. फाइल बिघडलेली नाही, फेकू नका. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागेल.

असो. गॅरी काही रडत बसला नाही. १९८३ पासून १९९० पर्यंत तो अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्हीवर कॉम्प्युटर क्रॉनिकल्स नावाच्या कार्यक्रमात दिसायचा. दाढीवाला, शांत आवाजाचा, समोरच्याचं यंत्र त्याच्यापेक्षा जास्त कळत असूनही ते न दाखवणारा. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीनं ग्रोलियरचा आख्खा ज्ञानकोश एका सीडीवर आणला. लोकांना अजून सीडीवर गाणी ऐकायचीही सवय नव्हती.

आणि १९८८ मध्ये त्याच्या डिजिटल रिसर्चनं मायक्रोसॉफ्टवर त्यांचाच डाव टाकला. डीआर-डॉस बाजारात आणलं. एमएस-डॉससाठी लिहिलेले प्रोग्रॅम या डॉसवरही चालायचे, आणि वर चार सोयी जास्त. खिडकी परत मूळ मालकाकडे आल्यासारखं झालं. लोक ते घ्यायलाही लागले. मग १९९१ च्या अखेरीस विंडोज ३.१ ची चाचणी आवृत्ती बाहेर पडली. ती डीआर-डॉसवर चालवली की एक गूढ चुकीचा संदेश यायचा. प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसायचं. खाली डॉस कुणाचं आहे हे तपासणारा एक तुकडा मायक्रोसॉफ्टनं मुद्दाम लपवून ठेवला होता, आणि दुसऱ्याचं दिसलं की तो बोंब मारायचा. अंतिम आवृत्तीत तो झोपवून ठेवला, पण संशय पसरायचा तो पसरलाच. डीआर-डॉसचे हक्क पुढे ज्या कॅल्डेरा कंपनीकडे गेले, तिनं १९९६ मध्ये यावरून खटला भरला आणि २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं पैसे देऊन तो मिटवला.

ते पाहायला गॅरी नव्हता.

१९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नोव्हेल कंपनीला विकली गेली. पैसा भरपूर मिळाला. तो टेक्ससमध्ये ऑस्टिनला राहायला गेला. गाड्या, विमानं, तळ्याकाठचं घर सगळं होतं. डोरोथीशी घटस्फोट आधीच झाला होता, दुसरं लग्नही टिकलं नाही. आणि कुठेही गेलं तरी लोक त्याला विमानाचीच गोष्ट विचारायचे. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाला २५ वर्षं झाली. समारंभात मुख्य भाषणाला बोलावलं बिल गेट्सला, जो त्या विद्यापीठात शिकलाही नव्हता आणि हार्वर्डचं शिक्षणही अर्धवट सोडून आला होता. त्याच विभागातून डॉक्टरेट घेतलेल्या किल्डॉलला आमंत्रण होतं ते श्रोत्यांत बसण्याचं. हे त्याला फार लागलं. त्यानं आठवणी लिहायला घेतल्या. दारूही वाढली होती.

८ जुलै १९९४ ला माँटेरेमधल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. तो पडला की कुणाशी बाचाबाची झाली, याचे वृत्तांत आजही जुळत नाहीत. पुढच्या तीन दिवसांत तो दोनदा इस्पितळात गेला आणि दोन्ही वेळा घरी परतला. ११ जुलैला तो गेला. वय ५२. सिएटलमध्ये, ज्या गावातून त्याच्या घराण्यानं खलाशांना दिशा शिकवल्या, तिथेच त्याला पुरलं.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या लाइटहाऊस अव्हेन्यूवर, जिथे कंपनीचं कार्यालय होतं त्या घरासमोर, विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेनं सीपी/एमची पाटी बसवली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं सीपी/एमचा मूळ कोड लोकांसाठी खुला केला.

त्याच्या आठवणींच्या मोजक्याच प्रती त्यानं स्वतः बांधून घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना वाटल्या होत्या. २०१६ मध्ये त्याच्या दोन मुलांच्या परवानगीनं म्युझियमनं त्यातली पहिली सात प्रकरणं प्रसिद्ध केली. पुढची प्रकरणं दारूच्या दिवसांत लिहिलेली आहेत आणि त्यांत आपले वडील खरे दिसत नाहीत, असं सांगून मुलांनी ती घरातच ठेवली.